तीनदा गाळलेलं सूप

दोष द्यायचाच तर वाऱ्याला द्यावा, नाहीतर पुठ्ठ्यांना. तिच्या काखेत सहा मोठे पुठ्ठे होते, तिच्या अंगापेक्षा रुंद. कोपऱ्यावर वळताना वारा त्यांत असा काही भरला की शीड उभारलेल्या होडीसारखी ती फुटपाथवरून आडवी वाहत गेली... आणि धप्पकन एका फळ्यावर आदळली.

फळा एका बिस्ट्रोचा होता. बिस्ट्रो म्हणजे छोटी, घरगुती फ्रेंच खानावळ. या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आणि लाँड्री यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती दीड वर्षांपूर्वी सुरू झाली होती. सात टेबलं, सात तऱ्हेच्या खुर्च्या, आणि दारात हा फळा. रोज सकाळी खडूने नवे पदार्थ लिहिलेला. आज त्यावर आठ ओळी होत्या. तिच्या कोटाच्या बाहीने त्यातल्या सात पुसून टाकल्या होत्या.

दार उघडलं. कोपरापर्यंत पीठ, कानामागे खडू, कमरेला एप्रन. शेफ स्वतः बाहेर आला, त्याने फळ्याकडे पाहिलं, मग तिच्या पांढऱ्या झालेल्या बाहीकडे.

"वा!" तो म्हणाला. "दोन तास डोकं खाजवून लिहिलं होतं. तुम्ही दोन सेकंदांत निकाल लावलात."

"सॉरी... मी — म्हणजे वारा —"

"वाऱ्याला मी ओळखतो हो. रोज येतो बिचारा. पण एवढं कधी खात नाही."

तिला हसू आलं, आणि आपल्याला हसू आलं याचंच नवल वाटलं. किती दिवस झाले होते!

आतून एक ठणठणीत आवाज आला, "काय उरलंय रे फळ्यावर?"

"सूप, मावशी."

"मग आज सूप! फळ्यावर असेल तेच पानात. नियम तुझाच आहे."

"बघितलंत?" तो तिच्याकडे वळला. "ही माझी मावशी. वाढते, भांडी घासते आणि मला धाकात ठेवते. आता आज गल्लीभर लोक सूपच पिणार. गुन्हेगाराने निदान एक वाडगा संपवायला नको का?"

नको म्हणायला तिच्याकडे शंभर कारणं होती. पण आतून भाजलेल्या पावाचा वास आला, आणि शंभराची शंभर कारणं दारातच थबकली.

खिडकीजवळचं टेबल मिळालं. पुठ्ठे भिंतीला टेकले. समोर वाडगा आला. गाजराचं सूप, वर संत्र्याच्या सालीचा बारीकसा कीस, रंग असा की मावळतीने वाडग्यात उतरावं. तिने चमचा भरला, उचलला... आणि तोंडात घालण्याऐवजी तिरपा करून सूपची धार बघत बसली. एकदा. दोनदा.

"माशी आहे का?" शेफ लगबगीने आला.

"नाही. गाठ नाहीये."

"काय?"

"एकसुद्धा गाठ नाहीये यात. कसं केलंत?"

लोक त्याच्या सूपला 'मस्त' म्हणत, 'वा' म्हणत. हे कोणी विचारलं नव्हतं. तो समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला.

"तीनदा गाळलंय."

"आम्ही दोनदाच गाळतो."

"सूप?"

"खळ. पुस्तक बांधायची. मी बाइंडर आहे. खळीत गाठ राहिली की कागदाला फोड येतो, आणि मग तो फोड जन्मभर आपल्याकडे बघून हसतो."

"थांबा थांबा. तुम्ही माझ्या सूपला खळ म्हणताय?"

"चांगली खळ म्हणतेय," ती म्हणाली, आणि पहिला चमचा तोंडात घातला.

सूप गरम होतं. इतकंच. बसून, निवांत, गरम काहीतरी पोटात जात होतं, आणि ते घशातून खाली उतरताना डोळे का भरून यावेत? मावशी पलीकडच्या टेबलावर पाणी ठेवता ठेवता गुणगुणली —

*"पाहुणी बसली बाई, चमचा तिच्या हातात*
*सूप निवून जाईल, जीव तिचा बोलण्यात..."*

"मावशी!" शेफ ओरडला. त्याचे कान गाजराच्या रंगाचे झाले होते.

वाडगा रिकामा झाल्यावर तिने सांगितलं. अनोळखी माणसाला का सांगितलं, देव जाणे. कदाचित त्याने घाई केली नाही म्हणून.

तिचे बाबा चाळीस वर्षं पुस्तकं बांधत आले होते. पाच महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात परत आला, बोलणंही जरासं अडखळत परतलं, पण गिळणं काही नीट परत आलं नाही. चावायचं नाही, कण सुटतील असं काही नाही, पातळ तर नाहीच. सगळं मिक्सरमधून काढायचं, चमच्यावर थांबेल असं दाट करायचं. बाबा त्याला खळ म्हणत. 'जन्मभर जिने पुस्तकं चिकटवली, ती आता माझी आतडी चिकटवणार.' जेवताना तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळायचं, म्हणून ते दार लावून घेत. चार घास खात, बाकीचं परत पाठवत. पट्ट्याला त्यांनी आपल्याच दाभणाने तीन नवी भोकं पाडली होती.

"डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात वजन वाढलं नाही तर नाकातून नळी. आणि बाबांना नळी घातली ना... तर ते जगतील, पण माझ्याशी बोलणार नाहीत." तिने वाडगा पुढे सरकवला. "हे डब्यात मिळेल?"

"नाही."

तिचा चेहरा पडला.

"हे पातळ आहे," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत ना, पातळ चालत नाही म्हणून? उद्या या."

"रागावलात का? खळ म्हटलं म्हणून?"

"रागावलो असतो तर हेच दिलं असतं. उद्या या, पुठ्ठेवाल्या बाई. आणि पुठ्ठे घरी ठेवून या."

दुसऱ्या दिवशी डबा मिळाला. बटाटा आणि लसणीची साय म्हणावी असं काहीतरी, बोटभर खोल लोण्याचा वास. बाबांनी दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने डबा बाहेर आला. निम्मा रिकामा! आणि आत बाइंडिंगच्या कागदाची एक चिठी. अक्षर थरथरतं, पण मार्जिन सोडलेली.

*'चव आहे. रंग आजारी.'*

शेफने चिठी वाचली, एप्रनच्या खिशात घातली, आणि त्या दिवशी मटार असे काही वाटले की हिरवा रंग डब्याच्या बाहेर उडी मारेल. चिठी आली — *'हिरवं बरं. मीठ भित्रं आहे.'* त्याने उत्तर पाठवलं — *'साहेब, आज मीठ धीट केलंय. अंगावर आलं तर कळवा.'* मग चिठ्यांची ये-जा सुरू झाली, आणि ती झाली पोस्टमन. बाबांनी त्याचं नाव 'गाळणीवाला' ठेवलं. "गाळणीवाल्याने आज काय पाठवलंय?" असं ते सकाळी दहापासून विचारू लागले. डबा पुसून येऊ लागला. महिना भरला तेव्हा वजन दीड किलोने वाढलं होतं आणि डॉक्टरांनी नळीचा विषय मिटवून टाकला.

डबा घ्यायला पाच मिनिटं लागतात. तिला चाळीस लागू लागली.

"डोळे मिटा," तो एकदा म्हणाला. दुपारची वर्दळ सरली होती, काचेवर भुरभुर पाऊस होता, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"का?"

"हे कशाचं आहे ते रंग न बघता सांगायचं. तुमच्या बाबांसारखे तुम्हीही रंगाला भुलता."

तिने डोळे मिटले. चमचा आला. बीट होतं, आणि बीटाच्या मागे लपलेलं सफरचंद.

"बीट... आणि सफरचंद. बरोबर? उघडू?"

चमचा ओट्यावर ठेवल्याचा तेवढा आवाज आला.

"अहो? उघडू का डोळे?"

"थोडं थांबा ना."

"अजून काही चाखायचंय?"

"नाही... मी आपलं — बघतोय."

"काय बघताय?"

"बीट लागलंय. ओठाला," तो म्हणाला, पण रुमाल काही पुढे आला नाही. तिने डोळे उघडले तेव्हा तो गडबडीने कांदा चिरत होता. नको असलेला कांदा, भलत्याच वेगात.

आणि मग ती चिठी आली. *'रविवारी दुपारी येतो. भिंतीकडचं टेबल. तोंड भिंतीकडे. — बाइंडर.'*

सात महिन्यांत बाबा कोणासमोर जेवले नव्हते. तिने ती चिठी चारदा वाचली. शेफने सहादा. शनिवारभर तो एकच पान जमवत होता. मशरूमचं फेटून हलकं केलेलं मऊ मूस, दाबून गाजराच्याच आकारात बसवलेलं गाजर, पालकाची पानासारखी कापलेली मऊ वडी. दिसायला भरलेलं पान, खायला लोण्यासारखं.

रविवारी बाबा आले. इस्त्रीचा सदरा, काठी, आणि गळ्याशी नॅपकिन अडकवतानाचा तो जुना रुबाब. पान समोर आलं. ते कितीतरी वेळ नुसतेच बघत राहिले. "कसं बांधलंय बघ..." हळूच म्हणाले. ती पाणी दाट करायची भुकटी काढायला पर्सकडे वळली, आणि कुर्रर्र असा आवाज झाला.

मग खोकला.

पानावर मशरूमच्या टोकाशी कडक भाजलेल्या चीजचा कागदाइतका पातळ तुकडा खोचलेला होता. आता अर्धाच उरला होता. बाबांचा चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, बाकीच्या टेबलांवरच्या माना वळलेल्या. तिने त्यांना पुढे वाकवलं, दवाखान्यातल्या गिळणं शिकवणाऱ्या बाईंनी दाखवलं होतं तसं खोकू दिलं, खोकू दिलं... आणि एकदाचा तुकडा बाहेर पडला. एक मिनिट गेलं असेल. तिच्या लेखी वर्ष गेलं.

शेफ पांढराफटक होऊन उभा होता. "माझा हात... पंधरा वर्षं प्रत्येक पानावर काहीतरी कुरकुरीत ठेवून ते बाहेर पाठवायची सवय. शेवटच्या क्षणी हात आपोआप गेला. मी —"

"तुम्ही पान बघितलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच जास्त वाईट होतं. "माणूस नाही बघितला."

तिने बाबांचा हात धरला आणि ती निघून गेली.

आठ दिवस डबा नाही, चिठी नाही. बाबा मिक्सरच्या खळीसमोर तोंड फिरवून बसू लागले. ती पुस्तकं शिवत होती आणि एकच फॉर्म, सोळा पानांचा दुमडलेला गठ्ठा, तिसऱ्यांदा उसवत होती. राग होता. पण रागाच्या खाली, कागदाखाली हवा राहावी तसं काहीतरी फुगत होतं, आणि दाबलं की दुसरीकडे सरकत होतं.

नवव्या दिवशी दुपारी बाइंडिंगच्या खोलीचं दार वाजलं. शेफ. गाल बसलेले, हातात काही नाही. तो तिच्याकडे न बघता सरळ बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, माफी मागायला आलोय. तुमच्या त्या गिळणं शिकवणाऱ्या बाईंकडे चार दिवस गेलो. मान कशी ठेवायची, चमचा कुठून द्यायचा, सगळं शिकलो. आणि आठ दिवस दातांना सुट्टी दिलीय. तुम्ही खाता तेच खातोय."

"आठ दिवस?" बाबांनी विचारलं. "मग कशी वाटली खळ?"

"...भयंकर, साहेब."

बाबा हसले. वाकडं, डावा कोपरा मागे राहणारं, पण पोटातून आलेलं. "बस. हिला पण बसव. तुम्हा दोघांना एक सांगायचंय." ते थांबून थांबून बोलू लागले. "मी पहिला लग्नाचा अल्बम बांधला ना, तो उलटा बांधला होता. अख्खं वऱ्हाड डोक्यावर उभं. मालकाने काढलं नाही मला, म्हणाला, आता तू कधी उलटं बांधणार नाहीस. ही एक गोष्ट. दुसरी... तो तुकडा मला दिसला होता."

"काय?" ती उभीच राहिली.

"आंधळा आहे का मी? दिसला होता, कडक आहे हे कळलं होतं, आणि मी खाल्ला."

"बाबा! जीव गेला असता! तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही... लहान मूल आहात का? मी इथे रात्रंदिवस जिवाचं रान करतेय, आणि तुम्ही —"

"हां! ओरड. अजून ओरड." बाबांचे डोळे चमकत होते. "सात महिने सगळे माझ्याशी मऊ बोलतायत. डॉक्टर मऊ, शेजारी मऊ, तू मऊ. जेवण मऊ ते मऊ, माणसंही गाळून पाठवल्यासारखी. हा एकटा निघाला, जो क्षणभर विसरला की मी आजारी आहे. मला चारचौघांसारखं पान वाढलं त्याने. मूर्खपणा माझाही झाला, कबूल. पुन्हा नाही करणार. पण पोरी... काय कुरकुरलं म्हणून सांगू तोंडात!"

ती ओरडता ओरडता रडायला लागली आणि रडता रडता हसायला. शेफ खाली मान घालून पायाशी पडलेल्या दोऱ्याची गुंडाळी करत होता. बाबांनी काठी आपटली. "रविवारी येतोय मी. आणि भिंतीकडे तोंड नको."

त्या रविवारी बाबा खोलीकडे तोंड करून बसले. जेवण झालं. डावा कोपरा ओघळला, त्यांनी नॅपकिनने टिपला, आणि जग काही बुडालं नाही. शेवटी शेफने एक उथळ वाटी आणली. आत मऊसूत कस्टर्ड, आणि वर जाळून काचेसारखी केलेली साखर. ती दचकली. पण त्याने या वेळी एकच वाटी आणली होती, दोघांच्या मधे ठेवायला, आणि दोन बशा.

"साहेब, फोडायचं काम तुमचं. चमच्याची पाठ, मधोमध. मग वरचा कडक भाग मी काढून घेतो, तो यांच्या बशीत. खालचं मऊ तुमचं. एक कण राहणार नाही, मी बघतो."

बाबांनी चमचा उचलला, खोलीवर एकदा नजर फिरवली, आणि — टक्क! साखरेला तडा गेला. शेजारच्या टेबलावरची माणसंसुद्धा हसली. शेफने चिमट्याने एकेक तुकडा वेचून तिच्या बशीत ठेवला, वाटी उजेडात धरून दोनदा तपासली, मगच बाबांपुढे सरकवली.

"खा," बाबा तिला म्हणाले. "मोठ्याने खा. मला ऐकू दे."

ती खात होती, बाबा ऐकत होते, आणि मध्येच त्यांनी कस्टर्डचा चमचा तोंडात ठेवून डोळे मिटले. तिला वाटलं, कोणाकोणाचे आभार मानू मी? दुधाचे, साखरेचे, ज्याने कोणी ती पहिल्यांदा जाळली त्याचे...

जेवण झाल्यावर मावशींनी बाबांना जुनी, फाटकी पाककृतींची वही दाखवायला घेतली आणि दोघं वहीच्या शिवणीवरून भांडू लागले. ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आली. तो तिथे खोक्यावर पाय पसरून बसला होता. भुरभुर पाऊस पुन्हा लागला होता.

"आभार मानायला आलेय," ती म्हणाली.

तो उठला. एप्रनला हात पुसले. पुसलेलेच परत पुसले. "तेच नको होतं."

"म्हणजे?"

"दोन महिने एक प्रश्न विचारायचाय. रोज डब्याबरोबर द्यावा म्हणतो... आणि रोज राहतो. कारण तुम्ही हो म्हणाल."

"हो म्हणेन म्हणून विचारत नाही? अजबच आहे!"

"उपकारापोटी हो म्हणाल. बाबांचं वजन वाढलं म्हणून. तसलं हो मला नकोय. मी जेवण दिलं, त्याचं ओझं करून कोणी माझ्याकडे..." त्याचं वाक्य पावसात विरघळलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. हातांवर भाजल्याचे जुने वण, खांद्यावर पिठाचा पंजा, आणि नजर अशी की परीक्षेचा निकाल लागायचाय.

"इकडे बघा," ती म्हणाली. "आभार मी सगळ्यांचे मानलेत. मावशींचे मानले. डॉक्टरांचे मानले. गिळणं शिकवणाऱ्या बाईंना तर मी वही बांधून दिली. पण त्यांच्यापैकी कोणाकडे जायचं म्हणून मी रोज आरशात दोनदा बघून घराबाहेर पडत नाही."

त्याच्या हातातलं एप्रनचं टोक सुटलं.

"आणि तुमच्यावर मला आठ दिवस राग होता," ती पुढे म्हणाली. "उपकार करणाऱ्यावर माणूस असा रागावतो का? पाठ फिरवून, जेवण सोडून? तसं... तसं आपल्या माणसावरच रागावतं कोणी."

पाऊस, नळाचं पाणी, आतली भांडाभांडी, सगळं क्षणभर थांबल्यासारखं झालं. मग खरंच आतली भांडाभांडी थांबली होती असं लक्षात आलं.

"हो म्हण की रे मेल्या!" आतून मावशी ओरडली.

"हो!" तो दचकून म्हणाला.

"हो काय?" ती हसू दाबत म्हणाली. "प्रश्न तुम्ही विचारणार होतात ना?"

"विचारतो... विचारतो ना. पण आधी एक. ते 'तुम्ही' सोडशील?"

तिने हात पुढे केला आणि त्याच्या खांद्यावरचं पीठ झटकलं. झटकून झालं, तरी हात तिथेच राहिला.

"सोडलं," ती म्हणाली. "आता विचार."